गालांवरची न ओसरणारी लाली : रोझेशिया ओळखावा कसा, आटोक्यात ठेवावा कसा

मराठीत चेहऱ्याच्या लालीला अनेक अर्थ आहेत. लाजेने गाल आरक्त होतात, संतापाने चेहरा लालबुंद होतो, उन्हात राबणाऱ्याची कातडी रापते. लाजेची आणि संतापाची लाली घटकाभराची असते. रापलेली त्वचाही सावलीत राहिल्यावर हळूहळू पूर्ववत होते. परंतु काही चेहऱ्यांवरची लाली ओसरतच नाही. ती गालांवर, नाकावर, कपाळाच्या मध्यावर आणि हनुवटीवर ठाण मांडून बसते. चहाच्या एका कपाने वा चुलीजवळच्या काही मिनिटांनी ती भडकते, चुरचुरते आणि पुढे तिच्यावर पुरळही उठते. वैद्यकशास्त्रात या विकाराला ‘रोझेशिया’ म्हणतात. गुलाबाच्या रंगाचा असा अर्थ असलेल्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले आहे. मराठीत त्याला रूढ असे नाव नाही, आणि ज्याला नाव नाही तो आजार सहसा दुसऱ्याच्या नावावर खपतो. कुणी त्याला मुरुम म्हणते, कुणी उष्णता, कुणी ॲलर्जी.

या विकाराची माहिती प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील गोऱ्या चेहऱ्यांवरून लिहिली गेली आहे. ती आपल्या अंगणात आणून पाहण्यासाठी या लेखात सावरगाव हे गाव नजरेसमोर ठेवले आहे. मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या दोन काठांमध्ये होणाऱ्या गोटमारीमुळे ही नावे देशभर ऐकू येतात. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे निघाले आणि पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश असले तरी घराघरांतली बोली मराठी, शेतात संत्र्यांच्या बागा, जेवणात वऱ्हाडी-नागपुरी तिखट आणि उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा. रोझेशियाला चेतवणाऱ्या बहुतेक गोष्टी तिथल्या साध्या दिनक्रमातच आहेत. गोव्यातील ऊन दमट आहे, तिथले कोरडे. पण सावळ्या चेहऱ्यावर हा आजार नजरेतून निसटण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे.

रोझेशिया म्हणजे काय?

रोझेशिया हा चेहऱ्याच्या मध्यभागातील त्वचेचा दीर्घकाळ चालणारा दाहविकार आहे. तो संसर्गजन्य नाही. एकाच्या स्पर्शाने, टॉवेलने किंवा उशीने दुसऱ्याला होत नाही. अस्वच्छतेमुळेही होत नाही. बहुधा वयाच्या तिशीनंतर तो लक्षात येतो. स्त्रियांमध्ये त्याचे निदान अधिक होते. नाकाची त्वचा जाड व गाठाळ होण्याचा प्रकार मात्र पुरुषांत जास्त आढळतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार प्रौढ लोकसंख्येपैकी सुमारे ५.५ टक्के लोकांना हा विकार असावा.

त्याची लक्षणे एकाच माणसात सगळी दिसतात असे नाही. ती साधारणपणे अशी असतात :

• अचानक चेहरा तापून लाल होणे आणि ही लाली काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकणे.

• चेहऱ्याच्या मध्यभागी कायमची लाली राहणे.

• नाकाच्या बाजूंना व गालांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसणे.

• लाल पुटकुळ्या किंवा पू असलेले फोड येणे, परंतु ब्लॅकहेड नसणे.

• नाकाची कातडी हळूहळू जाड, खडबडीत होणे.

• डोळे लाल, कोरडे होणे आणि त्यांत खडा गेल्यासारखे टोचणे.

पूर्वी या लक्षणांची चार ठरावीक प्रकारांत विभागणी करीत. २०१७ साली तज्ज्ञांनी ती पद्धत बदलली. आता रुग्णाच्या चेहऱ्यावर प्रत्यक्ष कोणती लक्षणे आहेत ती पाहून उपचार ठरवतात. चेहऱ्याच्या मध्यभागी ठरावीक ठेवणीची कायम लाली किंवा जाड झालेली त्वचा, यांपैकी एक असेल तर निदान होऊ शकते. ती नसतील तर इतर मुख्य लक्षणांपैकी किमान दोन असावी लागतात. रक्ताच्या तपासणीतून हा आजार कळत नाही. डॉक्टरांची नजर आणि रुग्णाची हकिगत हीच त्याची मुख्य कसोटी.

सावळ्या चेहऱ्यावर दडलेली लाली

गोऱ्या त्वचेवर लाली लांबूनही दिसते. गव्हाळ, सावळ्या किंवा काळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक असल्याने तीच लाली झाकली जाते. ती तांबूस-तपकिरी, जांभळट किंवा नुसती काळवंडल्यासारखी दिसते. त्यामुळे संत्र्याच्या बागेत तोडणी करणाऱ्या बाईच्या गालांवर हा बदल झाला, तर ‘उन्हाने चेहरा करपला’ एवढ्यावर विषय मिटणे अगदी सहज शक्य आहे. दिसत नाही म्हणून रोझेशिया नाही, हा समज रुग्णाचा असतो. काही वेळा तो तपासणाऱ्याचाही असतो.

म्हणून आपल्याकडे डोळ्यांइतकाच जाणिवेवर भर द्यायला हवा. स्वतःला काही प्रश्न विचारावेत. चेहरा वारंवार आतून तापल्यासारखा वाटतो का? साधा साबण, पावडर किंवा क्रीम लावल्यावर चुरचुरते का? पंचविशी-तिशीपर्यंत नितळ असलेल्या चेहऱ्यावर नंतर पुटकुळ्या सुरू झाल्या का? मुरुमांची औषधे लावल्यावर आराम पडण्याऐवजी आग वाढली का? डोळे सतत चुरचुरतात का? यांतील दोन-तीन प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना चेहरा दाखवणे योग्य.

डॉक्टरांकडेही लपलेली लाली शोधण्याचे साधे उपाय असतात. काचेची पट्टी गालावर हलकेच दाबली असता त्याखालचे रक्त बाजूला सरते आणि त्वचा फिकट होते. पट्टी काढताच रंग परततो. या फरकातून लाली कळते. डर्मोस्कोप या भिंगाने बारीक रक्तवाहिन्या पाहता येतात. सावळ्या त्वचेत पुटकुळ्या बऱ्या झाल्यावर काळे डाग मागे राहतात. अनेकांची तक्रार आजाराची नसून या डागांचीच असते. डाग घालवण्याच्या नादात मूळ दाह तसाच राहतो. आणखी एक गोष्ट : टणक, तपकिरी गाठींच्या रूपात दिसणारा रोझेशियाचा एक प्रकार सावळ्या त्वचेत तुलनेने अधिक आढळतो. तो त्वचेच्या क्षयरोगासारखा दिसू शकतो आणि अशा वेळी त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो.

हा विकार होतो कशामुळे?

एकच एक कारण सांगता येत नाही. काही घराण्यांत तो अधिक दिसतो, म्हणजे अनुवंशिकतेचा भाग आहे. त्वचेची जन्मजात संरक्षणव्यवस्था गरजेपेक्षा अधिक जागरूक होणे, हे त्याच्या मुळाशी असावे. कॅथेलिसिडिन हे जंतूंशी लढणारे प्रथिन रोझेशियाच्या रुग्णांच्या त्वचेत जास्त प्रमाणात आणि वेगळ्या रूपात असते, हे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले. रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण सांभाळणारे मज्जातंतूही अतिसंवेदनशील झालेले असतात. उष्णता, तिखट, ऊन यांना ते प्रमाणाबाहेर प्रतिसाद देतात. चौथा घटक म्हणजे डेमोडेक्स हा अतिसूक्ष्म जीव. तो बहुतेक प्रौढांच्या केसांच्या मुळांशी निमूटपणे राहत असतो. रोझेशियात त्याची संख्या वाढलेली आढळते. तो अंगावर असणे हे घाणीचे लक्षण नव्हे.

दारूमुळे नाक लाल होते, या समजुतीने रोझेशियाच्या रुग्णांवर फार अन्याय केला आहे. मद्याने लाली भडकू शकते, हे खरे; पण आयुष्यात थेंबही न घेतलेल्यांना हा विकार होतो. लाल, गाठाळ नाकाच्या माणसाकडे पाहून त्याच्या व्यसनाचा अंदाज बांधणे अडाणीपणाचे आहे.

चेतवणाऱ्या गोष्टी : सावरगावातल्या आणि आपल्याकडच्या

रोझेशिया मुळातून नाहीसा करणारे औषध आज नाही. मात्र तो भडकवणाऱ्या गोष्टी ओळखल्या तर अर्धे काम होते. या गोष्टी प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि त्या माणसाच्या गावाशी, कामाशी, स्वयंपाकघराशी बांधलेल्या असतात. परदेशी याद्यांत सोना-स्नान आणि रेड वाइन असते; आपली यादी आपणच करायला हवी.

*ऊन.* हा सर्वांत मोठा शत्रू. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी साधारण दिवाळीच्या आगेमागे चालते, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे उन्हाळा टाळला तरी ऊन टळत नाही. गोव्यात मासेमारी, काजूच्या बागा आणि किनाऱ्यावरचा व्यवसाय यांत तेच घडते. पाणी आणि वाळू यांवरून परावर्तित होणारे ऊन सावलीत बसलेल्या चेहऱ्यालाही लागते. सावळ्या त्वचेला ऊन बाधत नाही, हा समज सोडावा. मेलॅनिन अतिनील किरण काही प्रमाणात अडवते, उष्णता अडवत नाही.

*आच.* चुलीवर भाकरी थापणारी, भट्टीजवळ काम करणारी, बेकरीत किंवा हॉटेलच्या भटारखान्यात राबणारी माणसे दिवसातून अनेकदा चेहरा तापवून घेतात. शक्य असेल तिथे चेहरा आचेच्या थेट रेषेत न ठेवणे, मधूनमधून बाजूला होणे, ओले कापड चेहऱ्याला टेकवणे एवढ्यानेही फरक पडतो. सर्दीसाठी घेतलेली वाफ आणि ब्युटी पार्लरमधले ‘स्टीम’ ही रोझेशियात नकोत.

*तिखट.* नागपूरचा सावजी रस्सा असो वा गोव्याचे शागुती आणि विंदालू, मिरचीतील कॅप्सेसिन उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंनाच चाळवते. शरीराला खरोखर चटका बसल्यासारखे वाटते आणि चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या फुलतात. म्हणून आयुष्यभर अळणी जेवावे, असे नाही. तिखट किती सोसते याची मर्यादा प्रत्येकाने स्वतः शोधायची असते.

*चहा.* चहा-कॉफीला उगाच दोष दिला जातो. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६० अंश सेल्सिअसच्या गरम कॉफीने लाली आली, तितक्याच गरम नुसत्या पाण्यानेही आली. गार कॉफीने आली नाही. म्हणजे दोष कॅफिनचा नव्हे, उष्णतेचा. चहा सोडण्याची गरज नाही. तो बशीत ओतून, कोमट करून प्यावा. आपल्या आजी-आजोबांची ही सवय या आजारात उपयोगाची ठरते.

*संत्रे.* लिंबूवर्गीय फळांनी लाली वाढते, असे काही रुग्ण सांगतात. बहुतेकांना काहीही होत नाही. तेव्हा बागेतले संत्रे खायला हरकत नाही. पण वाळवलेल्या संत्र्याच्या सालीचे चूर्ण दुधात किंवा गुलाबपाण्यात कालवून चेहऱ्यावर चोळण्याचा जो घरगुती उपाय आहे, तो रोझेशियात टाळावा. सालीतील तेल आणि चोळण्याचा खरखरीतपणा दोन्ही त्वचेला झोंबतात. लिंबाचा रस, मुलतानी माती, बेसनाचे उटणे, ब्लीच आणि स्क्रब यांनाही हाच नियम.

*मद्य, मनाचा ताण, अतिश्रम, कडक थंडी आणि बोचरा वारा* ही इतर नेहमीची कारणे. रक्तदाब कमी करणारी व रक्तवाहिन्या रुंदावणारी काही औषधेही लाली वाढवू शकतात. पण कोणतेही चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

यासाठी साधी वही पुरते. रोज रात्री चार रकाने भरावेत : आज चेहरा किती भडकला, त्याआधी काय खाल्ले-प्यायले, ऊन वा आच किती वेळ लागली, चेहऱ्याला काय लावले. चार ते सहा आठवड्यांत चित्र स्पष्ट होते. ज्या गोष्टीनंतर लाली पुन्हा पुन्हा येते तेवढीच टाळावी. यादीतले सगळेच सोडून बसलेला माणूस आजारापेक्षा पथ्यानेच खचतो.

मलमाच्या नळीतला धोका

आपल्या देशात रोझेशियाची चर्चा एका गोष्टीशिवाय पुरी होत नाही. ती म्हणजे औषधांच्या दुकानातून सहज उचलून आणलेले स्टिरॉइडचे मलम. चेहरा लाल झाला, खाज आली, डाग पडला वा नुसते उजळायचे असले, की शेजारीण, मैत्रीण किंवा दुकानदार एखादी छोटी नळी सुचवतो. दोन-तीन दिवसांत चमत्कार होतो. लाली जाते, चेहरा तुकतुकीत होतो. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसवते आणि दाह दाबते, म्हणून हा परिणाम दिसतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या कायमच्या फुगतात, पुटकुळ्या आणि केसांची लव वाढते. मलम थांबवले की काही दिवसांत चेहरा पेटल्यासारखा होतो. घाबरलेला माणूस पुन्हा तेच मलम लावतो आणि चक्र सुरू होते. ज्याला मुळात रोझेशिया नव्हता, त्यालाही अशा रीतीने रोझेशियासारखा चेहरा मिळतो. ज्याला होता, त्याचा दुप्पट बिघडतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’, म्हणजे स्टिरॉइडच्या मलमाने बिघडलेला चेहरा, असे नावच दिले आहे.

प्रश्नाचा आवाका २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीतून समजतो. देशातील १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. त्यांतील सुमारे ५९ टक्के लोकांना ते डॉक्टरने सुचवलेले नव्हते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून १४ स्टिरॉइड मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री बंद केली. नियम चांगला आहे, पण नळी शेवटी आपल्याच हातात असते.

म्हणून चेहऱ्याला काही लावण्याआधी नळीवरची बारीक अक्षरे वाचावीत. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन यांपैकी एखादे नाव असेल, तर ते स्टिरॉइड आहे. गजकर्णासाठी विकल्या जाणाऱ्या तीन-चार औषधांच्या मिश्र मलमांत आणि रंग उजळवणाऱ्या काही मिश्रणांतही ते दडलेले असते. घटकांची नावेच नसलेली ‘खास’ क्रीम घेऊच नये. असे मलम अनेक महिने वापरले असेल, तर ते थांबवण्याची पद्धत डॉक्टरांना विचारावी. थांबवल्यानंतरची आग काही आठवडे, कधी काही महिनेही त्रास देते, पण ती ओसरते. या काळात धीर सुटू नये म्हणून डॉक्टर स्टिरॉइड नसलेली मलमे व पोटातून घ्यायची औषधे देतात.

स्टिरॉइड हे औषध म्हणून वाईट नाही. अनेक आजारांत ते अमूल्य आहे. चेहऱ्यावर, चिठ्ठीविना आणि मुदतीविना लावले की ते अपाय करते.

दिसायला सारखे, पण वेगळे

मुरुमांत ब्लॅकहेड असतात आणि सुरुवात बहुधा किशोरवयात होते. सेबोऱ्हिक डर्मटायटिसमध्ये भुवया, नाकाच्या कडा आणि टाळू येथे तेलकट पापुद्रे सुटतात. वांग हा तपकिरी डाग असतो; त्यात आग वा पुटकुळ्या नसतात. ल्युपस या आजारात गालांवर फुलपाखराच्या आकाराची लाली येते, ती नाक व ओठांमधील घड्या बहुधा सोडून देते; सोबत सांधेदुखी, ताप, तोंडातले व्रण किंवा केस गळणे असते. कुष्ठरोगातही चेहरा लालसर, जाड आणि कानाच्या पाळ्या फुगीर होऊ शकतात; अंगावर बधिर चट्टे असू शकतात. हे आजार वेगळे आहेत, त्यांचे उपचारही वेगळे आहेत. छायाचित्रे ताडून घरच्या घरी निदान करू नये, याचे हेच कारण.

डोळ्यांकडे दुर्लक्ष नको

रोझेशिया हा त्वचेचा विकार म्हणून ओळखला जातो, पण तो डोळ्यांतही उतरतो. कधी चेहऱ्यावर काही दिसण्याआधीच उतरतो. पापण्यांच्या कडा लाल होणे, वारंवार रांजणवाडी येणे, डोळे कोरडे पडणे, उजेड सहन न होणे ही त्याची चिन्हे. शेतात काम करणाऱ्याला ही धूळ वाटते, संगणकावर काम करणाऱ्याला पडद्याचा ताण वाटतो. बुबुळावर परिणाम झाला तर दृष्टीला धोका पोहोचतो. स्वच्छ कापड कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवणे आणि पापण्यांच्या कडा हलक्या हाताने स्वच्छ करणे हे रोजचे उपाय. डोळा दुखत असेल, नजर अंधूक झाली असेल किंवा उजेड टोचत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

उपचार कोणते?

उपचारांची ओळख रुग्णाला असावी, निवड मात्र डॉक्टरांची असावी.

पुटकुळ्यांसाठी मेट्रोनिडाझोल, ॲझेलॅइक ॲसिड किंवा आयव्हरमेक्टिन यांपैकी एखादे लावायचे औषध देतात. ॲझेलॅइक ॲसिडचा एक उपयोग सावळ्या त्वचेला विशेष आहे : ते मागे राहणारे काळे डागही फिकट करते. सुरुवातीला ते थोडे चुरचुरते. आयव्हरमेक्टिनबाबत शेतकरी कुटुंबांना एक सूचना करावीशी वाटते. हेच नाव गोठ्यातल्या जनावरांच्या औषधांवरही असते. जनावरांचे इंजेक्शन वा द्रावण माणसाच्या चेहऱ्यासाठी नाही. त्याची तीव्रता आणि त्यातले इतर घटक वेगळे असतात.

त्रास अधिक असेल तर डॉक्सिसायक्लिन हे औषध कमी मात्रेत काही आठवडे देतात. ते येथे जंतू मारण्यापेक्षा दाह शमवण्यासाठी वापरले जाते. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यावे, घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये आणि उन्हापासून अधिक जपावे. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी ते नाही. दाद न देणाऱ्या रोझेशियात आयसोट्रेटिनॉइन देतात. त्याने गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकते, म्हणून गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांना ते कडक काळजी घेऊनच दिले जाते.

नुसती लाली तात्पुरती कमी करणारे ब्रिमोनिडिनचे जेल असते. त्याचा अंमल काही तासांचा असतो आणि काहींमध्ये तो उतरताच लाली अधिक जोराने परतते. दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांवर लेसरचा उपयोग होतो. सावळ्या त्वचेत चुकीच्या लेसरने भाजल्याचे वा काळे-पांढरे डाग पडण्याचा धोका असतो. त्यामुळे आपल्यासारख्या वर्णाच्या रुग्णांवर लेसर वापरण्याचा अनुभव असलेल्या त्वचारोगतज्ज्ञांकडेच तो करून घ्यावा. जाड झालेल्या नाकावर लेसर किंवा शस्त्रक्रिया करून आकार सुधारता येतो.

कोणत्याही मलमाचा परिणाम दिसायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. दोन आठवड्यांत गुण आला नाही म्हणून डॉक्टर बदलणारा रुग्ण अखेरीस त्या झटपट गुण देणाऱ्या नळीकडेच वळतो. आजार शमल्यावरही देखभालीचे औषध काही काळ चालू ठेवावे लागते.

रोजची काळजी

• चेहरा दिवसातून दोनदा कोमट वा साध्या पाण्याने, फेस व सुगंध नसलेल्या सौम्य क्लिन्झरने धुवावा. कपड्याने घासू नये, टिपून घ्यावा.

• त्यानंतर सुगंधरहित मॉइश्चरायझर लावावे. ते लावल्याने औषधाची चुरचुरही कमी होते.

• घराबाहेर पडण्याआधी किमान एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन लावावे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन संवेदनशील त्वचेला अधिक मानवते. त्याने चेहरा पांढरट दिसत असेल, तर त्वचेच्या रंगाची छटा असलेले घ्यावे. उन्हात काम असेल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे.

• सनस्क्रीन परवडत नसेल तर रुंद काठाची टोपी आणि फिकट रंगाचा सैल सुती दुपट्टा यांचा आधार मोठा आहे. नाकातोंडाभोवती घट्ट आवळलेले जाड कापड मात्र आत उष्णता कोंडते. दुपारी १२ ते ३ या वेळात शक्य तितकी कामे सावलीत घ्यावीत.

• फवारणी करताना चेहरा झाकावा आणि काम संपताच धुवावा.

• दाढी करताना धार नसलेले पाते, अल्कोहोल असलेले आफ्टरशेव्ह आणि तुरटी टाळावी.

• कोणतेही नवे प्रसाधन आधी जबड्याखाली थोड्या जागेवर तीन-चार दिवस लावून पाहावे.

• शिमगो, होळी वा रंगपंचमीला बाहेर पडताना आधी मॉइश्चरायझर लावावे आणि रंग चेहऱ्यावर वाळू देऊ नये.

कुठे दाखवावे?

त्वचारोगतज्ज्ञ प्रत्येक गावात नसतो, ही वस्तुस्थिती आहे. सावरगाव-पांढुर्ण्याच्या माणसाला सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नागपुरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा एम्स गाठावे लागते. गोव्यात अंतरे लहान आहेत. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. प्रवास जमत नसेल तर केंद्र सरकारच्या ई-संजीवनी या मोफत दूरवैद्यकीय सेवेतून सल्ला घेता येतो. त्यासाठी चेहऱ्याची छायाचित्रे खिडकीजवळच्या नैसर्गिक उजेडात, फ्लॅश आणि सौंदर्य खुलवणारे फिल्टर बंद करून काढावीत. चेहरा भडकलेला असताना एक आणि शांत असताना एक, अशी दोन छायाचित्रे असली तर निदान सोपे होते. आतापर्यंत लावलेल्या सर्व मलमांच्या नळ्या, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्याव्यात. पुष्कळदा खरी माहिती त्या नळ्यांवरच लिहिलेली असते.

रोझेशियाने जीव जात नाही. पण माणसांत मिसळण्याची उमेद जाऊ शकते. लग्नसराईत चेहरा लपवणारी मुलगी, ‘काल जास्त झाली का’ हा विनोद रोज ऐकणारा कामगार आणि आरशासमोर उभे राहणे टाळणारी गृहिणी यांचा त्रास चेहऱ्यापुरता नसतो. घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी शेरे थांबवणे हाही उपचाराचाच भाग आहे. मधुमेह वा दम्यासारखाच हा विकार सांभाळत जगायचा असतो. आपली लाली कशाने चेतते हे जाणणे, ऊन आणि आच टाळणे, सौम्य निगा राखणे, औषधाला दोन-तीन महिने वेळ देणे आणि अनोळखी मलमाला चेहऱ्यापासून दूर ठेवणे, एवढे पाळले तर बहुतेकांचा रोझेशिया चांगला आटोक्यात राहतो.